टेंपमधली जागा आणि रुमाल

सकाळी सव्वासहाला फोन आला, तोही वर्गणी विभागाला नाही, थेट माझ्या मोबाइलवर. नंबर कुणी दिला देव जाणे. "ताई, आमच्या आबांचं निधनवृत्त पैसे भरून दिलंय, सांगली आवृत्तीत. घरी आलेल्या पेपरात आहे. पण माझी बहीण पुण्यात मोबाइलवर बघतीय, तिला सगळी साताऱ्याचीच माणसं दिसत्यात."

अंथरुणातूनच लॅपटॉप ओढला. वर नाव 'सांगली', तारीख बरोबर, आणि आत बाराच्या बारा पानं साताऱ्याची.

मी एका दैनिकात रात्रपाळी करते. बातमीशी माझा संबंध नाही. पानं लागली की त्यांच्या पीडीएफ एकत्र करायच्या, हलक्या करायच्या आणि ई-पेपरच्या सर्व्हरवर चढवायच्या, एवढं काम. म्हणजे ते आपोआप करणाऱ्या स्क्रिप्टा, आदेशांच्या फाइली, लिहायच्या आणि त्या रुसल्या की समजूत काढायची. बिघडलेली ही स्क्रिप्ट सात वर्षांपूर्वी मीच लिहिलेली, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. (इथे आदेशसुद्धा मी बोलते तसेच लिहिते. ते टाइप कसे करायचे हे ज्याला त्यात रस आहे त्याला माहीत असतंच.)

स्क्रिप्ट काय करायची? आवृत्तीच्या फोल्डरमधल्या पानांची यादी काढून टेंपमध्ये, म्हणजे मशीनवरच्या तात्पुरत्या फाइलींच्या सामायिक फोल्डरमध्ये, 'पाने' नावाच्या फाइलीत ठेवायची, मग ती यादी घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ जोडणाऱ्या प्रोग्रॅमला देऊन एक सलग अंक बनवायची. सात वर्षं काही झालं नाही, कारण सातारा साडेबाराला सुटतो आणि सांगली पावणेदोनला. एकाची 'पाने' वापरून संपली की मग दुसऱ्याची त्यावर लिहिली जायची. त्या रात्री मतमोजणी होती. शेवटच्या फेरीचे आकडे येईपर्यंत सगळ्या आवृत्त्या अडवून ठेवलेल्या, आणि मग सगळ्या दोन मिनिटांत सुटल्या. सांगलीने यादी लिहिली, साताऱ्याने त्यावर आपली लिहिली, आणि सांगलीच्या घोस्टस्क्रिप्टने शांतपणे साताऱ्याची यादी उचलली. एररची एक ओळही नाही. लॉग बघितला तर सगळं 'यशस्वी'.

सात वाजता अंक परत चढवला. फोन केलेल्या माणसाला कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं, बहिणीला प्रिंट काढून फ्रेम करायची होती." त्यानंतर झोप कसली लागते.

पहिली दुरुस्ती मी त्याच दिवशी केली, आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा करतो तीच केली. फाइलीच्या नावाला शेपूट लावलं, दोन डॉलर. शेलमध्ये, म्हणजे आदेश वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन डॉलर म्हणजे चालू प्रोसेसचा, त्या वेळच्या कामाचा, नंबर. सांगलीचा वेगळा, साताऱ्याचा वेगळा. टक्कर संपली. मी स्वतःवर खूश.

ती खुशी आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने घालवली. त्याने सहज विचारलं, "मॅडम, हा नंबर तर कुणालाही दिसतो ना?"

दिसतो. पीएस ही चालू कामांची यादी दाखवणारी कमांड चालवली की दिसतो. शिवाय तो ओळीने वाढत जातो, त्यामुळे पुढचा अंदाजाने सांगता येतो. लिनक्सवर हे नंबर पूर्वापार ३२,७६८ पर्यंत जाऊन परत खालून सुरू व्हायचे. आताच्या ६४-बिट मशीनवर सिस्टिमडी, म्हणजे मशीनवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, ती मर्यादा ४१,९४,३०४ पर्यंत नेतं. पण ज्याला खोडीच काढायची आहे त्याला तेवढे आकडेही लागत नाहीत, समोर दिसतोय त्याच्या पुढचे हजारभर धरले तरी पुरे. आणि आमच्या सर्व्हरवर मी एकटी नाही. जाहिरातींचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचं लॉगिन आहे, संकेतस्थळ करून देणाऱ्यांचं आहे. सगळी भली माणसं आहेत. पण त्यातल्या एकाचा पासवर्ड जरी कुठे चिठ्ठीवर चिकटवलेला असला, तरी तो भला माणूस नुसता दार ठरतो.

टेंप ही जागा म्हणजे एसटी स्टँडवर लागलेली गाडी. कुणीही यावं, जागा धरावी. त्या फोल्डरची परमिशन १७७७ असते. शेवटचे तीन सात म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. सुरुवातीचा एक म्हणजे स्टिकी बिट, आणि त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्याचा रुमाल उचलायचा नाही. माझी फाइल मी, त्या फोल्डरचा मालक किंवा रूट (सर्वाधिकारी लॉगिन) हेच पुसू शकतात किंवा तिचं नाव बदलू शकतात. पण तुम्ही रोज सतरा नंबरवर बसता हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तुमच्या आधी येऊन सतरावर आपलं काहीतरी ठेवलं तर स्टिकी बिट तुमच्या बाजूने नाही. तो त्याच्या बाजूने आहे.

ते 'काहीतरी' काय असू शकतं हे मी त्या मुलाला कागदावर सांगत होते. त्याला पटेना, मग स्टोअरमधलं जुनं मशीन काढलं. दोन लॉगिन केली, एक माझं आणि एक 'पाहुणा'. माझ्या घरच्या फोल्डरमध्ये 'महत्त्वाचे' नावाची फाइल ठेवली, आत त्याच्या आवडत्या गाड्यांची नावं लिहिली. मग पाहुण्याच्या लॉगिनमधून टेंपमध्ये 'पाने-डॉट-४२१७' नावाची सिमलिंक केली, माझ्या 'महत्त्वाचे'कडे बोट दाखवणारी. पाहुण्याला ती फाइल उघडायचीही मुभा नव्हती, पण नुसतं बोट दाखवायला परवानगी लागत नाही. आता माझ्या लॉगिनमधून 'पाने-डॉट-४२१७' मध्ये यादी लिहायला गेले, तर शेल म्हणालं 'परमिशन डिनाइड'.

मुलगा हसला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

मग आठवलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, एक राखणदार आहे. टेंपसारख्या सगळ्यांना मोकळ्या, स्टिकी बिट असलेल्या फोल्डरमधली सिमलिंक परक्याची असेल तर तिच्या मागे जायचंच नाही, असं तो सांगतो. बहुतेक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, त्याला जागता ठेवतात. सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंगमधून 'प्रोटेक्टेड सिमलिंक्स'ची किंमत शून्य केली, म्हणजे राखणदाराला झोपवलं, परत तोच आदेश दिला, या वेळी काहीच तक्रार नाही. 'महत्त्वाचे' उघडून बघितली. गाड्यांची नावं गेलेली, तिथे बारा पानांची यादी. हेच मी रूट म्हणून केलं असतं आणि बोट पासवर्डच्या फाइलीकडे असतं तर काय, हे त्याचं त्यानेच ओळखलं. सेटिंग परत एकवर ठेवून मशीन बंद केलं.

राखणदार आहे म्हणून निवांत राहावं असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. एक तर तो सगळीकडे जागता असेलच असं नाही. दुसरं, फाइल बळकावता आली नाही तरी त्या नावावर पाहुण्याने आधीच ठाण मांडलं तर माझी स्क्रिप्ट अडतेच, आणि रात्री दोन वाजता अडलेली स्क्रिप्ट मला परवडत नाही. तिसरं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं, नेहमीच्या यूमास्क ०२२ ने (नव्या फाइलीची परमिशन ठरवणारं सेटिंग) बनलेली फाइल सगळ्यांना वाचता येते. आमची एक स्क्रिप्ट वर्गणीदारांचे मोबाइल नंबर टेंपमध्ये काढून ठेवायची. वर्षानुवर्षं, उघड्यावर. कुणी वाचले नसतील. पण वाचले नाहीत हे कळणार तरी कसं?

मग 'फाइल आहे का बघ, नसेल तर बनव' अशी अट घालावी, असं मुलाने सुचवलं. पुन्हा एसटीच. खिडकीतून बघितलं, सतरा रिकामी. वळसा घालून दारातून आत शिरेपर्यंत तिथे कुणाची तरी पिशवी. बघणं आणि बसणं यांच्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात जागा जाते. म्हणून आपल्याकडे खिडकीतून रुमाल टाकतात, बघणं आणि धरणं एकाच हालचालीत. कर्नलकडे तशी हालचाल आहे. फाइल उघडताना 'नवी बनव' आणि 'आधीची असेल तर सरळ नाही म्हण' हे दोन्ही एकाच हाकेत सांगता येतं. तिथे सिमलिंक असली, मग ती कुठेही न पोचणारी का असेना, तरी उत्तर नाही. मधल्या वेळेला फट नाही.

आणि ही हाक आपल्या वतीने मारणारी कमांड म्हणजे एमके-टेंप. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.१ आवृत्तीत, १९९७ मध्ये, ती आली, टॉड मिलर यांनी लिहिलेली. आज लिनक्सवर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची स्वतःची आहे. नुसतं एमके-टेंप म्हटलं की ती टेंपमध्ये दहा अक्षरांची मनमानी शेपटी असलेलं नाव घेते, त्या नावाची फाइल वर सांगितल्या पद्धतीने बनवून बघते, नाव आधीच असेल तर दुसरं घेते, आणि जमलं की नाव छापते. परमिशन ६००, म्हणजे फक्त मालकाला. नाव अवघड आहे हा तिचा मोठेपणा नव्हे. नाव हातात पडतं तेव्हा फाइल आपल्या मालकीची झालेली असते, तो खरा मुद्दा. म्हणून तिचा मायनस-यू पर्याय वापरू नये. तो फक्त नाव सुचवतो, रुमाल टाकत नाही. सी भाषेत याच नावाचं जुनं फंक्शन आहे, तेही नुसतं नाव देणारं, आणि ते वापरलं की लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारं साधन, आजही कान पिळतो.

माझ्या स्क्रिप्टला यादी, कच्चा अंक, हलका अंक आणि पानांची छोटी चित्रं असं बरंच काही ठेवायला लागतं. प्रत्येकासाठी वेगळी फाइल मागत बसण्यापेक्षा मायनस-डी देऊन एक फोल्डरच मागते. त्याची परमिशन ७००. एकदा खोली घेऊन आतून कडी लावली की आत यादीला 'पाने' म्हणा नाहीतर 'गोंधळ' म्हणा, बाहेरच्याला शिरता येत नाही. सगळ्या घोळात एवढी एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही.

मॅकवर थोडं वेगळं पडतं. आमच्या पानं लावणाऱ्यांकडे मॅक आहेत, तिथे मायनस-टीचा अर्थ ग्नूपेक्षा निराळा, आणि टेंपची जागाही माणसागणिक वेगळी, टीएमपीडीआयआर या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, लिहिलेली. दोन्हीकडे चालावं म्हणून मी पूर्ण पत्ता देते: टीएमपीडीआयआर असेल तर तो, नाहीतर टेंप, पुढे 'अंक-डॉट' आणि दहा मोठे एक्स. एक्सच्या जागी कमांड आपली अक्षरं भरते. पुढे.

एमके-टेंप आल्यानंतरच्या पहिल्याच पहाटे परत फोन. या वेळी सहाही आवृत्त्या बंद. 'फॉरबिडन', ४०३. सावंतवाडीचे एक गृहस्थ तर म्हणाले, "मॅडम, पेपरावर बंदी आली काय?"

बंदी मीच घातली होती. हलका अंक मी एमके-टेंपने दिलेल्या फाइलीत बनवला आणि एमव्ही या फाइल हलवणाऱ्या कमांडने उचलून संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये ठेवला. एमव्ही परमिशन बदलत नाही. ६०० ती ६००च राहिली, आणि वेब सर्व्हर दुसऱ्या नावाने चालतो, त्याला वाचता येईना. हलवण्याआधी सीएचमॉड या कमांडने परमिशन बदलून ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, करायची, एवढंच होतं. ते करताना दुसरी गोष्ट लक्षात आली, जी सात वर्षं तशीच होती. टेंप एका डिस्कवर, संकेतस्थळ दुसऱ्यावर. अशा वेळी एमव्ही म्हणजे नाव बदलणं नसतं, आधी नक्कल आणि मग मूळ पुसणं असतं. नक्कल अर्धी झालेली असताना कुणी अंक उघडला तर अर्धाच मिळतो. अधूनमधून 'पान सातच्या पुढे उघडत नाही' अशी तक्रार यायची आणि आम्ही वाचकाच्या नेटला दोष द्यायचो. आता शेवटची फाइल मी जिथे ठेवायची त्याच फोल्डरमध्ये बनवते, एमके-टेंपनेच, टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची. लिहून झाली, सीएचमॉड केला, मग एमव्ही. एकाच फाइलसिस्टिममध्ये ते नुसतं नाव बदलणं आहे. वाचकाला एक तर जुना अंक मिळतो नाहीतर नवा, मधला काही नाही.

आवराआवर राहिली. शेलला ट्रॅप, म्हणजे आधीच सांगून ठेवायचा आदेश, देऊन ठेवला, की बाहेर पडताना एमके-टेंपचं हे फोल्डर पुसून जा. ट्रॅपचा आदेश एकेरी अवतरणात लिहावा, म्हणजे व्हेरिएबलची किंमत पुसायच्या वेळी बघितली जाते, सांगायच्या वेळी नाही. तरी तीन आठवड्यांनी बघते तर टेंपमध्ये 'अंक-डॉट' काहीबाही अशी डझनभर फोल्डरं पडलेली. कारण शोधायला एक अख्खी रात्र गेली. स्क्रिप्टची पहिली ओळ ती कुठल्या शेलने चालवायची हे सांगते, आणि माझी बॅश म्हणत नव्हती, नुसतं एसएच म्हणत होती. डेबियन या लिनक्सवर एसएच म्हणजे डॅश हे दुसरं शेल, आणि मी कंट्रोल-सी मारून स्क्रिप्ट तोडली की डॅश बाहेर पडतानाचा ट्रॅप चालवतच नाही. बॅश चालवतं. पहिली ओळ बदलली, संपलं. किल-नाइनने, म्हणजे जबरदस्तीने, मारलं किंवा लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर मात्र कुठलाच ट्रॅप कामाचा नाही. तो कचरा सिस्टिमडीवर सोडायचा. नव्याने बसवलेल्या डेबियन १३ वर टेंपमधलं दहा दिवसांनी आणि व्हार-टेंप या दुसऱ्या तात्पुरत्या जागेतलं तीस दिवसांनी आपोआप जातं.

डेबियन १३ ने एक धक्काही दिला. त्यात टेंप डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं, आणि त्याला निम्म्या रॅमपर्यंतच वाढता येतं. आमच्या मशीनला ८ जीबी, म्हणजे टेंप ४ जीबी. रविवारच्या पुरवणीची छपाईची पानं, सहा आवृत्त्या, सगळं एकदम. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे आणि घोस्टस्क्रिप्ट म्हणतंय जागा नाही. आता मोठं काही असलं की मायनस-पी देऊन खोली व्हार-टेंपमध्ये घेते, ते डिस्कवर आहे.

ते बदलत असताना मुलाने लिहिलेली एक ओळ वाचली आणि पाणी प्यायला उठले. त्याने खोलीचं नाव व्हेरिएबलमध्ये घेतलं होतं, आणि शेवटी 'त्या व्हेरिएबलच्या आतलं सगळं पूस' म्हणजे आरएम मायनस-आरएफ, व्हेरिएबल, स्लॅश, तारा. (आरएम म्हणजे पुसणं, एकटा स्लॅश म्हणजे मशीनचं मूळ फोल्डर, तारा म्हणजे आतलं सगळं.) एमके-टेंप फसलं तर काय, हे कुठेच नाही. आणि फसायला फार काही लागत नाही. टीएमपीडीआयआर एका बाहेरच्या डिस्ककडे होता, ती डिस्क त्याच आठवड्यात काढून ठेवलेली. व्हेरिएबल रिकामं, उरतं काय? स्लॅश, तारा. आरएमला नुसता स्लॅश दिला तर ते नकार देतं, पण स्लॅश-ताराला नाही, कारण त्याचा विस्तार शेल आधीच करून बसलेलं असतं. ती ओळ अजून सर्व्हरवर गेली नव्हती. मी त्याला खुर्चीवर बसवलं, एमके-टेंपच्या पुढे 'किंवा बाहेर पड' लिहायला लावलं, आणि पुसायच्या ओळीत व्हेरिएबलला कोलन-प्रश्नचिन्हाचा कंस घालायला लावला, म्हणजे ते रिकामं असेल तर शेल तिथेच थांबतं. तारा काढून टाकली. खोलीच पुसायची तर आतलं वेगळं कशाला पुसायचं? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, चहा सांगू?"

परवा पुन्हा मोजणीची रात्र होती. एक वाजून बावन्न मिनिटांनी सहाही आवृत्त्या एकदम सुटल्या. मी दुसऱ्या खिडकीत व्हार-टेंपची यादी दर सेकंदाला बघत बसले होते. सहा फोल्डरं उमटली, प्रत्येकाची शेपटी वेगळी, मालकाची परमिशन. दोन वाजून चार मिनिटांनी त्यातली पाच गेली. सहावं सिंधुदुर्गचं, पान नऊवर एक जाहिरात परत बदलत होते म्हणून थांबलेलं. दोन-अकराला तेही गेलं.

जाहिरात विभागाच्या मशीनवर मात्र अजून जुनीच स्क्रिप्ट आहे, दोन डॉलरवाली. परवा त्यांच्याकडे कुणी नव्हतं. सोमवारी जाऊन बघते.